वांग्याचं क्रियापद

‘स्कॉर्च’ हे इंग्रजी क्रियापद देवरे सरांच्या घरात एका शनिवारी सकाळी साडेदहाला शिरलं आणि पुढचे अकरा दिवस मुक्काम ठोकून बसलं. पाहुणा असता तर साधनाबाईंनी तिसऱ्या दिवशी नुसता पिठलं-भात वाढून त्याला वाटेला लावलं असतं. पण क्रियापदाला काय वाढणार?

ते घेऊन आली पल्लवी. पल्लवी म्हणजे सरांची जुनी विद्यार्थिनी, दहावी ‘अ’, शेवटून दुसरा बाक. आता ती दिंडोरी रस्त्यावरच्या द्राक्षमळ्यात उभ्या राहिलेल्या एका रिसॉर्टची मॅनेजर आहे. तिथे शनिवार-रविवारी बाहेरगावची मंडळी येतात, वेलींमधून फोटो काढत हिंडतात आणि दुपारी भूक लागली की ‘काहीतरी गावाकडचं’ मागतात. मागच्या थंडीत पल्लवीनं सरांकडे भरीत खाल्लं होतं आणि ते तिच्या डोक्यात बसलं होतं. भरीत साधनाबाईंनी कालवलेलं असलं तरी वांगी भाजलेली होती झुंबरबाईंनी, आणि भरतात खरी करामत भाजणाऱ्याची असते हे साधनाबाईसुद्धा मान्य करतात. फक्त चारचौघांत नाही.

झुंबरबाई गांगुर्डे दर बुधवारी आणि शनिवारी सोसायटीच्या गेटशी भाजीची पाटी घेऊन बसायच्या. छाटणी झाली की मळ्यात द्राक्षाच्या काड्यांचे ढीग पडतात. त्या काड्या त्या घरी नेऊन वाळवायच्या आणि थंडीत त्यांच्यावर वांगी भाजून आणायच्या. त्या वांग्याला जो वास असायचा तो गॅसवर भाजलेल्या वांग्याला सात जन्मांत येणार नाही. पण आता बाईंचा गुडघा कुरकुरत होता आणि पाटी डोक्यावर घेऊन चार सोसायट्या फिरणं जमत नव्हतं. पल्लवीनं त्यांना सांगितलं होतं, “मावशी, दर रविवारी आमच्याकडे या. सावलीला बसा, पाहुण्यांसमोर भाजा. तुमचं भरीत आम्ही कार्डावर टाकतो.” एका जागी बसायचं, वर सावली आणि डोक्यावर पाटी नाही. झुंबरबाईंनी तेव्हापासून घरी दोनदा हा विषय काढला होता आणि दोन्ही वेळा त्यांना भरून आलं होतं.

तर ते कार्ड पल्लवीनं सरांना दाखवायला आणलं होतं. “सर, एकदा नजर टाका ना. इंग्लिश तुमचंच आहे.”

हे वाक्य ऐकून देवरे सरांना काय वाटलं ते सांगायला हवं. सर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि या सहा वर्षांत त्यांना कुणीही इंग्रजीतलं काहीही विचारलं नव्हतं. सगळे मोबाइलला विचारत. खुद्द त्यांचा मुलगा पुण्याहून फोन करून पाऊस-पाणी विचारायचा, पण स्पेलिंग कधी विचारलं नाही. सरांनी चष्मा पुसला, लाल पेन शोधलं, ते चालत नव्हतं म्हणून दुसरं शोधलं, आणि ओळ वाचली. ‘स्कॉर्च्ड ब्रिंजल, मेड बाय अ लोकल वुमन.’

“हे कुणी लिहिलं?” सरांनी विचारलं.

“आमच्या शेफनी, सर.”

“त्यांना म्हणावं, स्कॉर्च कशाला म्हणतात ते मी दाखवतो.” सर उठले आणि कपाटातून एक कुर्ता घेऊन आले. कुर्त्याच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा, खमंग तपकिरी रंगाचा, स्पष्ट डाग होता. हा डाग चौदा वर्षांपूर्वीच्या सव्वीस जानेवारीच्या पहाटे पडला होता आणि सरांनी कुर्ता टाकून न देता ‘शैक्षणिक साहित्य’ म्हणून जपून ठेवला होता. साधनाबाईंनी त्याचं फडकं करण्याचे तीन प्रयत्न केले होते. तिन्ही वेळा सरांनी तो बादलीतून परत आणला होता.

“हे स्कॉर्च,” सर म्हणाले. “वरच्यावर जळणं, आणि तेही चुकून. नजर हलली, हात थांबला की होतं ते. झुंबरबाई काय चुकून भाजतात? आणि लोकल वुमन म्हणजे काय? बाईंना नाव आहे, आडनाव आहे.”

पल्लवीनं कुर्त्याकडे बघितलं. दहावीत असताना तिनं तो दोनदा पाहिला होता.

सर तडक खाली गेले. वास्तविक जायची काही गरज नव्हती, पण माणूस प्रामाणिक. त्यांनी झुंबरबाईंना घडला प्रकार सांगितला आणि म्हणाले, “स्कॉर्च म्हणजे इंग्रजीत...”

“स्कॉर्चिंग ना? ते मला ठाऊक हे,” झुंबरबाई म्हणाल्या. “औषधाचा डोस जास्त झाला नं वरून ऊन तापलं, की द्राक्षाच्या पानाच्या कडा जळत्यात. आमच्या ह्यांच्या हातून एकदा दोन ओळींना झालं व्हतं. मालक पंधरा दिवस येता-जाता म्हणायचा, काय गोटीराम, स्कॉर्चिंग! ते नाव माझ्या वांग्याला लावलं?”

“तेच तर...”

“मग मी नाय यायची, सर. ताईंना सांगा. लोक वाचून काय म्हणतील? बाईला भाजता नाय येत, जाळून ठेवलं!” आणि त्यांनी पाटीवरचं फडकं झटकून पुन्हा झाकलं.

सर भारावून गेले. चौतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं हे क्रियापद इतकं अचूक वापरलं नव्हतं. पण त्याच वेळी पल्लवी मागे येऊन उभी होती आणि तिचा चेहरा पडला होता.

“सर, मग दुसरा शब्द तुम्हीच द्या,” ती म्हणाली. “चंपाषष्ठीला संध्याकाळी कार्ड छापायला जाणार. त्या दिवशी मी येते, मावशींचं भरीत आमच्या मालकांसाठी डब्यातून नेते. ते ओके म्हणाले की झालं. पण एकच ओळ आहे हं सर. सात शब्द बसतात.”

“सात पुष्कळ झाले,” सर म्हणाले. इथे सरांचं चुकलं.

त्या दिवसापासून सरांनी क्रियापदं आणायची आणि झुंबरबाईंनी नापसंत करायची, असा कार्यक्रम सुरू झाला. एखाद्या मुलीचा बाप स्थळाची जशी चौकशी करतो तशी बाई प्रत्येक शब्दाची चौकशी करत.

“रोस्ट,” सर म्हणाले.

“ते कशाला म्हणत्यात?”

“शेंगदाणे, कोंबडी...”

“शेंगदाणे कढईत भाजत्यात. इथं कढई कुठं हे? पुढचा सांगा.”

“ग्रिल. जाळीवर ठेवून करतात. सँडविच वगैरे.”

“पाव?” झुंबरबाईंनी हा उच्चार असा केला की सरांनी तो शब्द स्वतःच मागे घेतला.

“सिंज. म्हणजे ज्योतीवरून नुसतं फिरवणं. केस जळतात ना, किंवा पिसं...”

“अगं बाई! वांग्यात केस?”

“चार्ड. कोळसा होईपर्यंत.”

“कोळसा मी होऊ देते का, सर? इतकी वर्षं खाताय तुम्ही, कधी कोळसा लागला दाताखाली?”

नाही लागला, हे सरांना कबूल करावं लागलं.

एव्हाना सोसायटीला वास लागला होता. सल्ले यायला लागले. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी मोबाइलला विचारून ‘इन्सिनरेट’ असा शब्द आणला. सरांनी त्यांना शांतपणे सांगितलं की तो दवाखान्याच्या कचऱ्याला वापरतात. समोरच्या फ्लॅटमधले शफीभाई म्हणजे मालेगावचे जुने लूम-मेकॅनिक, आता मुलाकडे राहायला आलेले. ते म्हणाले, “सर, स्कॉर्च तर घेऊच नका. आमच्याकडे कापडावर तसा डाग आला की व्यापारी आख्खा तागा परत करायचा. बहोत खराब लफ्ज.” सरांनी हे वहीत टिपून घेतलं. वहीवर त्यांनी ‘दहनवाचक क्रियापदे: अर्थ व उपयोग’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. साधनाबाईंनी ते शीर्षक वाचलं आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेल्या. अशा वेळी त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सरांना पुढे अनेकदा वाटलं.

आता सरांचं एक तत्त्व होतं. जे क्रियापद डोळ्यांनी पाहिलं नाही ते वाक्यात घालायचं नाही. तत्त्व चांगलं आहे. शाळेत असताना ‘लीप’ शिकवायला सरांनी टेबलावरून उडी मारली होती आणि नंतर आठ दिवस लंगडत ‘लिम्प’ शिकवलं होतं. तेव्हा वांगं भाजताना नेमकं काय होतं हे पायरी-पायरीनं पाहिलं की शब्द आपोआप सापडेल, असं त्यांनी ठरवलं. रविवारी सकाळी झुंबरबाई खास काड्यांची मोळी घेऊन आल्या. सरांनी गॅलरीत लोखंडी घमेलं ठेवलं, शेजारी स्टूल, स्टुलावर वही आणि मनगटी घड्याळ.

काड्या पेटल्या. झुंबरबाईंनी वांग्याला तेलाचा हात लावला आणि ते आरात सरकवलं.

“थांबा!” सर म्हणाले. चिमट्यानं वांगं बाहेर काढलं, चष्मा वर करून बघितलं आणि लिहिलं: एक मिनिट, रंग जांभळा, फरक नाही.

वांगं परत आत गेलं. “थांबा!” साल थोडी काळवंडली. नोंद. “थांबा!” डाव्या बाजूला फोड. नोंद. सातव्या ‘थांबा’ला जाळ विझला. पुन्हा पेटवला, तोवर वांगं गार. आठव्या वेळी झुंबरबाईंनी चिमटा खाली ठेवला.

“सर, वांगं काय पोरगं हे का शाळेतलं, सारखं उठवून हजेरी घ्यायला?”

त्या दिवशीचं भरीत बाहेरून काळं आणि आतून कचकच लागणारं झालं. आणि ते खायला घरात एकटे सरच. साधनाबाईंच्या माहेरी चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय वांगं खात नाहीत, आणि हा नियम त्या चार महिने चोख पाळत आल्या होत्या. त्यामुळे सर रविवारी कच्चं भरीत खाऊन राहिले, बुधवारी पुन्हा तोच प्रयोग झाला तेव्हाही खाऊन राहिले आणि शनिवारी, तिसऱ्या खेपेला, त्यांनी शफीभाईंना जेवायला बोलावलं. शफीभाई भला माणूस. दोन घास खाल्ले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “सर, मुलाचा फोन येतोय.” फोन आलेला नव्हता.

शनिवारी आणखी एक झालं. गॅलरीतला धूर वरच्या मजल्यावरच्या चादरींवर बसला आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आला. फोटोखाली सतरा जणांनी अंगठे उलटे केले. अंगठ्यांचं सरांना काही वाटलं नाही. त्यांना लागलं ते वेगळंच. झुंबरबाई निघताना स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून साधनाबाईंना हळूच म्हणाल्या, “वहिनी, तीनदा झालं. माझा हात तर गेला नाय ना? बुधवारी ताईंपुढं असंच झालं तर? मी घरी सांगून बसले, आता पाटी सुटणार म्हणून.” आणि पदरानं डोळे टिपून जिना उतरल्या. धरून, एकेक पायरी.

साधनाबाई बाहेर आल्या. “ऐकलंत?”

“ऐकलं.”

“त्यांचा हात कुठे जात नाही. तुमचं तोंड जरा गेलं तर बरं होईल. तुम्ही सारखे थांबवता म्हणून वांगं बिघडतंय.”

“मी निरीक्षण करतोय, साधना.”

“मग डोळ्यांनी करा की!”

सर वही मिटून बसले. रात्री जेवले नाहीत, म्हणजे भरीत जेवले नाहीत. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. एक शब्द द्यायचा होता तो दिला नाही, आणि वर बाईंच्या हातातली कला बिघडवली. एवढं मोठं नुकसान त्यांनी चौतीस वर्षांत कुठल्याही विद्यार्थ्याचं केलं नव्हतं. निदान इतक्या थोड्या दिवसांत तर नाहीच.

आता गॅलरी बंद. पण बुधवारची वांगी डोळ्यांसमोर भाजलेली पाहिल्याशिवाय शब्द सापडणार नाही, हे सरांचं तत्त्व कायम होतं. उरली गच्ची. गच्चीवर विस्तव पेटवायचा तर सेक्रेटरींची परवानगी हवी, आणि सेक्रेटरी होते महेश कुलथे. कुलथ्यांना नियम फार प्रिय. त्यांनी अर्जाचा छापील नमुना काढला.

“सर, कारणाच्या रकान्यात तीनच पर्याय आहेत. होळी, फटाके आणि होम-हवन.”

“मला वांगी भाजायची आहेत.”

“पर्याय नाही.”

“एक वाढवा.”

“त्याला सर्वसाधारण सभा लागते. एप्रिलमध्ये आहे.” कुलथ्यांनी पेन तोंडाला लावून विचार केला. माणूस वाईट नव्हता. “बुधवारी चंपाषष्ठी आहे ना? वांग्याचाच नैवेद्य. होमात बसवू. खूण करा.”

सरांनी जड हातानं होम-हवनापुढे खूण केली. पुढचा रकाना होता, ‘गुरुजींचे नाव’. इथे खोटं लिहिणं सरांच्या जिवावर आलं. विस्तवापुढे जे बसणार त्यांचं नाव मागताहेत, असा अर्थ लावून त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: झुंबरबाई गोटीराम गांगुर्डे.

कुलथ्यांनी शिक्का मारला, आणि नियमाप्रमाणे ग्रुपवर सूचनाही टाकली. ती सरांनी वाचली नाही, कारण अंगठ्यांच्या प्रकारानंतर त्यांनी ग्रुप गप्प करून ठेवला होता. सूचना अशी होती: ‘बुधवारी सकाळी अकरा वाजता देवरे सरांतर्फे गच्चीवर चंपाषष्ठीनिमित्त होम. पौरोहित्य सौ. झुंबरबाई गांगुर्डे. सर्वांनी लाभ घ्यावा.’

बुधवारी सर घमेलं आणि वही घेऊन गच्चीवर पोचले तर गच्ची झाडलेली. मधोमध रांगोळी. रांगोळीभोवती तीस-पस्तीस माणसं मांडी घालून बसलेली, बायका काठापदराच्या साड्यांत, पुरुष अंघोळ करून गंध लावून. कुणी नारळ आणलेला, कुणी खोबऱ्याच्या वाट्या आणि भंडारा. शफीभाई मागे खुर्ची टाकून टोपी सावरून बसलेले, हातात जाळाला वारा घालायचा पंखा. ‘इन्सिनरेट’वाले गृहस्थ सोवळं नेसून आले होते आणि कुडकुडत होते, कारण नाशिकची थंडी सोवळं बघत नाही.

“हे काय?” सर म्हणाले.

“यजमान आले!” कुलथे म्हणाले. त्यांनी सरांच्या हातातून घमेलं घेऊन रांगोळीवर ठेवलं. मग वही घेतली. “होमात वही कशाला सर?” आणि ती लांब पाण्याच्या टाकीवर नेऊन ठेवली. सरांना पाटावर बसवलं, साधनाबाईंना शेजारी. साधनाबाई रेशमी साडी नेसून तयारच होत्या. म्हणजे ग्रुपवरची सूचना घरात एका माणसानं वाचलेली होती.

“तुला माहीत होतं?” सर कुजबुजले.

“यजमानांनी होमाच्या वेळी बोलायचं नसतं,” साधनाबाई म्हणाल्या. “हात जोडा.”

तेवढ्यात झुंबरबाई जिन्यातून वर आल्या. डोक्यावर काड्यांची मोळी, पिशवीत वांगी. एवढी माणसं बघून त्या दारातच थबकल्या. त्यांचा चेहरा असा झाला की आता मागच्या मागे खाली जातात की काय. पण सगळ्यांनी त्यांच्याकडे बघून हात जोडले. सोवळ्यातल्या गृहस्थांनी तर नमस्कारच घातला. बाईंना काय करावं कळेना. मग त्यांनी पदर खोचला, कुणाकडे न बघता घमेल्यापाशी बसल्या आणि काड्या रचू लागल्या. त्यांच्या मागोमाग पल्लवी आली, हातात रिकामा डबा. तिनं गर्दी बघितली, चपला काढल्या आणि गुपचूप शेवटच्या रांगेत बसली. दहावीतली सवय.

जाळ पेटला. झुंबरबाईंनी वांगी आत सरकवली. आणि मग गच्चीवर जी शांतता पसरली तशी या सोसायटीत कुठल्याही सभेला पसरली नव्हती.

एक मिनिट झालं. सरांच्या घशात ‘थांबा’ आलं. साधनाबाईंनी कोपर मारलं. दोन मिनिटं झाली, सालीवर फोड आला. सरांचा हात सवयीनं वहीकडे गेला, वही टाकीवर. त्यांनी तोंड उघडलं तर कुलथे म्हणाले, “श्श! आहुती चालू आहे.” शिक्षकाला वीस मिनिटं गप्प बसवणं म्हणजे काय शिक्षा असते ते ज्याचं त्यालाच माहीत. सर हात जोडून बसले आणि दुसरं काही करता येईना म्हणून नुसते बघत राहिले.

आणि तीन वेळा आठ-आठदा थांबवून जे दिसलं नव्हतं ते त्यांना आता दिसलं. झुंबरबाई वांग्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी मान किंचित कलती केली होती आणि त्या ऐकत होत्या. वांगं आधी गप्प होतं, मग सुस्कारे टाकू लागलं, मग देठाशी रस चुरचुरला. त्या आवाजावर बाई वांगं पलटायच्या. जाळ मोठा झाला की काडी मागे ओढायच्या, कमी झाला की एक सरकवायच्या, आणि शफीभाईंना नुसत्या बोटानं ‘वारा’ म्हणायच्या. वास सुटला. साल काळी झाली, भेगाळली, आता काढतील असं वाटलं. काढलं नाही. आणखी काळी झाली. तरी काढलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईंना राहवेना. “अहो, जळतंय की ते!”

“जळू द्या,” झुंबरबाई मान न वळवता म्हणाल्या. “मी जाळतेच हे.”

आणि आणखी दोन श्वास थांबून त्यांनी वांगं बाहेर ओढलं. परातीत पडलं तसं ते मऊपणे आपोआप बसलं.

सर पाटावरून उठले. यजमानांनी मध्येच उठणं नियमात नसेल, पण ते उठले. तेवढ्यात कुणाला तरी वाटलं होम संपला. “येळकोट येळकोट!” अशी आरोळी झाली, “जय मल्हार!” म्हणून पस्तीस जणांनी भंडारा उधळला आणि टाकीकडे निघालेले देवरे सर डोक्यापासून चष्म्यापर्यंत पिवळे झाले.

साधनाबाईंनी तिथेच वांगी सोलली, कांद्याची पात आणि मिरचीचा ठेचा घालून भरीत कालवलं आणि देवाला नैवेद्य दाखवला. मग चार महिन्यांनी पहिला घास घेतला. त्यांनी डोळे मिटले. “झुंबरबाई,” त्या चारचौघांत म्हणाल्या, “करामत तुमचीच हो.” पल्लवीनं डबा भरून घेतला, मग स्वतःसाठी द्रोण भरून घेतला, मग दुसरा. मग तिला कामाची आठवण झाली.

“सर, शब्द?”

सरांनी पिवळ्या बोटांनी वही उघडली. दहनवाचक क्रियापदांची अकरा पानं ओलांडून बारावं कोरं पान काढलं आणि एक ओळ लिहून वाचली. “ब्रिंजल, बर्न्ट ऑन पर्पज बाय झुंबरबाई गांगुर्डे.”

पल्लवीनं बोटं मोजली. बरोब्बर सात.

“बर्न्ट?” कुलथे म्हणाले. “एवढंच? सर, हे तर आम्हाला पाचवीला होतं!”

हे सरांना लागलं. अकरा दिवस, चोवीस वेळा ‘थांबा’, तीन कच्ची भरतं आणि सतरा उलटे अंगठे एवढं सगळं होऊन हाताला लागलं ते पाचवीतलं क्रियापद. “हो, पाचवीलाच होतं,” ते म्हणाले. “मीच शिकवायचो.”

“म्हंजे काय, सर?” झुंबरबाईंनी विचारलं. त्या परात घेऊन उभ्या होत्या आणि अजून घाबरलेल्याच होत्या.

“म्हणजे असं, की हे वांगं चुकून जळलेलं नाही. झुंबरबाई गांगुर्ड्यांनी मुद्दाम जाळलेलं आहे. मुद्दाम म्हणजे ऑन पर्पज.”

झुंबरबाईंनी क्षणभर विचार केला. सर वही पुढे धरून उभे राहिले. सहावं स्थळ होतं.

“हां,” बाई म्हणाल्या. “हे खरं हे. स्कॉर्चिंग चुकून व्हतं. हे मुद्दाम.” मग वहीत डोकावून म्हणाल्या, “आन् माझं नाव कुठं लिवलंय त्यात?”

सरांनी त्यांचं बोट धरून ओळीच्या शेवटी नेलं. बोट हळदीचं होतं. तो डाग पानावर राहिला आणि सरांनी तो पुसला नाही.

संध्याकाळी रिसॉर्टच्या मालकांचा निरोप आला की डबा रिकामा झाला, रविवारपासून बाईंना पाठवा. दुसऱ्या दिवशी कुलथ्यांनी नोटीस बोर्डावर कागद लावला: ‘गच्चीवर चुकून अथवा मुद्दाम काहीही जाळू नये. होम-हवन अपवाद.’ त्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘पुढचा होम कधी?’ अक्षर साधारण शफीभाईंचं होतं.

रविवारी पल्लवीनं सरांना आणि साधनाबाईंना जेवायला बोलावलं. वेलींच्या कडेला छपराखाली झुंबरबाई दोन्ही पाय ऐसपैस पसरून बसल्या होत्या. पाटी नव्हती. समोर घमेलं, मागे काड्या आणि शेजारी खुंटीला अडकवलेलं नवंकोरं कार्ड. काळा चष्मा लावलेल्या एक पाहुण्या बाई त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या, वांग्याकडे वाकून बघितलं आणि काळजीनं म्हणाल्या, “आंटी, हे जरा जळलंय का?”

सर मदतीला अर्धवट उठले. झुंबरबाईंनी हातानंच त्यांना खाली बसा अशी खूण केली.

“ऑन पर्पज,” त्या म्हणाल्या, आणि वांगं दुसऱ्या कुशीवर वळवलं.